ऊन एवढं रणरणतंय, मग छतावरची लाईट कमी का?

फैजपूरची

मंडळी, प्रश्न साधा आहे, हसू नका.

दिवाळीनंतर आम्ही घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. ५४० वॅटच्या सहा पाट्या. सबसिडीचे ७८ हजार आले, बाकीचे घरचे. मार्चमध्ये मोबाईलवर रोज १५-१६ युनिट दिसायचे. मी मनात हिशोब मांडला, मार्चला एवढे तर मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की वीस कुठे गेले नाहीत. झालं उलटंच. काल १३, परवा साडेतेरा. आकाशात ढगाचा ठिपकाही नाही. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, ॲप उशिरा दाखवतं." म्हणजे त्यालाही माहीत नाही.

त्यात काल दुपारी दीडला लाईट गेली. सासूबाई पदराने वारा घेत ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "डोक्यावर एवढ्या पाट्या तापताहेत, मग पंखा का बंद?" मी "ते ऑन-ग्रिड आहे ना, आई" (म्हणजे ग्रिडला, बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेलं) म्हणून वेळ मारून नेली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वर्गातली मुलं आठवली. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. हो, मीच.

तर पाटीत नेमकं काय होतं, ऊन वाढून युनिट का घटतात आणि लाईट गेल्यावर पाट्या का झोपतात? जमलं तर भुसावळजवळ दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात काय चालतं, साक्रीच्या पवनचक्क्यांचे पंखे काय करतात तेही सांगा. पुस्तकात औष्णिक, जल, पवन, अणू, सौर अशी पाच चित्रं आहेत आणि पाचही चित्रांखाली "ऊर्जेचे रूपांतर" लिहिलंय. तेवढ्यावर आता माझं भागत नाही.

पांझराकाठ

भो, लाईट उनी का गई, एवढंच माले समजस. पण धागा भारी शे. बसनू मी.

सोलर_फिटर_जळगाव

ताई, ॲप बरोबर आहे आणि पाट्याही ठणठणीत आहेत. ऊन आणि उष्मा आपल्याकडे हातात हात घालून येतात म्हणून आपण दोन्ही एकच समजतो. पाटीला उजेड हवा असतो. उष्म्याने ती दमते.

पाटीत काळसर चौकोन दिसतात ते सिलिकॉनचे सेल. सुटा सेल हातात घेतला तर मारीच्या बिस्किटासारखा कडकन तुटतो, इतका पातळ. त्याच्या एका थरात चिमूटभर फॉस्फरस मिसळलेला, दुसऱ्या थरात बोरॉन. एकीकडे इलेक्ट्रॉन जास्तीचे, दुसरीकडे कमी. दोन्ही थर जिथे भेटतात तिथे विजेचा एक कायमचा उतार तयार होतो. उजेडाचा कण आत शिरून एखादा इलेक्ट्रॉन सुटा करतो आणि तो त्या उतारावरून एकाच बाजूला घसरतो. परत जायचं तर बाहेरच्या तारेने वळसा घालूनच. तो वळसा म्हणजे तुमचा करंट. एका सेलचे अर्ध्या व्होल्टाच्या आसपास मिळतात, म्हणून माळेसारखे एकामागे एक जोडायचे. येतो तो डीसी, इन्व्हर्टर त्याचा एसी करतो.

आता उष्मा. पाटीमागे लिहिलेले ५४० वॅट हे सेल २५ अंशांवर असतानाचे. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या घरावर हात ठेवून बघा. सेल ६५-७० अंशांना गेलेला असतो. २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते, कारण तापलं की सेलचा व्होल्टेज उतरतो. ४० अंश जास्त म्हणजे १४ टक्के तिथेच गेले.

दुसरं कारण लोक विसरतात. तुमच्या पाट्या दक्षिणेकडे वीसेक अंश कललेल्या असतील. मार्चअखेरीस दुपारचा सूर्य त्यांच्या बरोबर समोर असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात खान्देशात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. म्हणजे पाटीवर ऊन तिरपं पडतं. सकाळ-संध्याकाळ तर तो पाटीच्या पाठीमागून, उत्तरेकडून येतो.

तिसरं धूळ. मे महिन्यातल्या वावटळी मी तुम्हाला काय सांगू.

लाईट गेल्यावर पाट्या झोपतात ते मुद्दाम केलेलं आहे. समजा डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, वायरमन चढलाय, वरून लाईन बंद करून. तुमच्या छतावरून २३० व्होल्ट उलटे डीपीत गेले तर दुसऱ्या बाजूला ते ११ हजार होतात. ट्रान्सफॉर्मरला सरळ-उलट काही कळत नाही. म्हणून ग्रिडची नाडी लागेनाशी झाली की तुमचा इन्व्हर्टर लगेच हात काढून घेतो. शिवाय त्याला स्वतःचा ताल नाही, तो ग्रिडच्या तालावर नाचतो. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असता तर पंखा चालला असता. तो खर्च वेगळा, आणि तुम्हाला तो पर्याय कोणी सांगितला नसणार.

फैजपूरची

नाहीच सांगितला. पण वायरमनचं ऐकून सासूबाई गप्प झाल्या. "मग बंदच असू दे बाई" म्हणाल्या.

पाट्या धुवायच्या तर कधी?

सोलर_फिटर_जळगाव

पहाटे, नाहीतर दिवस मावळल्यावर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर वायपरने निपटून काढा, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि ते धुळीपेक्षा वाईट.

निवृत्त_बॉयलरवाला

नमस्कार. दीपनगरला बरीच वर्षं काढली, आता भुसावळलाच असतो. मास्तरीणबाईंचा प्रश्न आवडला. थोडं लांबेल.

आधी सायकल आठवा, डायनॅमोवाली. लहानपणी चाकाला डायनॅमो टेकवला की दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पायडल जड व्हायचं. दिवा काढून टाकला तर डायनॅमो फिरतोच, पण पाय हलके. सगळी वीजनिर्मिती या जड होणाऱ्या पायडलमध्ये आहे. फॅरडेनं १८३१ साली दाखवलं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत वीज येते. वीज ओढायला लागलात की ती तार चुंबकाला अडवते. अडवलं तरी फिरवत राहायचं, त्यासाठी कोणीतरी जोर लावायचा. दीपनगरला तो जोर वाफ लावते, उकाईच्या धरणावर पाणी, साक्रीला वारा. सोलरची पाटी तेवढी या पंगतीत बसत नाही, ती न फिरवता वीज काढते.

आता दीपनगर. कोळशाची रेक, म्हणजे मालगाडी, येते. वॅगन टिपलर अख्खा डबा उचलून उलटा करतो, जशी आपण डाळीची बरणी उपडी करतो. क्रशरमध्ये खडे, मग मिलमध्ये पूड. पूड किती बारीक? गव्हाच्या पिठाहून बारीक, चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखी. गरम हवेच्या झोतात ती बॉयलरमध्ये जाते आणि हवेतच जळते. बॉयलर म्हणजे वीस मजली इमारतीएवढी भट्टी, तिच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या उभ्या नळ्या. बाजूला एक छोटी खिडकी असते, निळी काच डोळ्यासमोर धरून आत बघायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं ज्वाळा दिसतील. तसं काही नाही, आत नुसता उजेड घुमत असतो. पायाखालची जाळी थरथरत असते ती वेगळीच.

नळ्यांतली वाफ आणखी तापवून ५४० अंशांच्या आसपास नेतात आणि टर्बाईनवर सोडतात. टर्बाईन मिनिटाला ३००० फेरे. हा आकडा कुठून आला? आपला ग्रिड ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. दोन ध्रुवांचा चुंबक सेकंदाला ५० वेळा फिरला की मिनिटाला ३००० झाले.

टर्बाईनमधून निघालेली दमलेली वाफ कंडेन्सरमध्ये तापीच्या पाण्याने थंड करून परत पाणी करतात आणि तेच शुद्ध पाणी पुन्हा बॉयलरला. तापीचं पाणी आणि बॉयलरचं पाणी कधी एकमेकांत मिसळत नाही, मधे नळीची भिंत असते. हतनूर धरणातून येणारं पाणी मुख्यतः या थंड करण्यासाठी लागतं.

हिशोब सांगतो. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने तासाला ५ लाख युनिट देतो. आपल्या कोळशाने युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम लागतात. दिवसाला आठ हजार टनांच्या घरात. म्हणजे एका संचाला रोज दोन भरलेल्या रेक. दीपनगरला असे ५०० चे दोन आहेत. नव्या ६६० च्या संचाची पद्धत सुपरक्रिटिकल. तिथे दाब २२१ बारच्या वर नेतात, तेव्हा पाणी उकळत नाही, बुडबुडा येत नाही, सरळ वाफेच्या गुणाचं होऊन जातं. तेवढ्याच कोळशात थोडी जास्त वीज.

रावेरकर

काका, लहानपणी रेल्वेतून जाताना दीपनगरचा पांढरा धूर दिसला की आम्ही "भुसावळ आलं" म्हणायचो. तो धूर एवढा पांढरा कसा?

निवृत्त_बॉयलरवाला

तो धूर नाही. बुटक्या, कंबरेत बारीक असतात ते कूलिंग टॉवर. त्यातून पाण्याची वाफ निघते, चहाच्या किटलीसारखी. धूर उंच सडसडीत चिमणीतून जातो आणि सहसा त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

हेही ऐका. कोळशातली शंभर रुपयांची उष्णता घेतली तर विजेत ३५ ते ३८ रुपये उतरतात. चिमणीवाटे वगैरे बारा-पंधरा जातात. उरलेला सगळा, म्हणजे जवळपास निम्मा माल, त्या पांढऱ्या वाफेतून आभाळात जातो.

रावेरकर

अरे बापरे! मग ती वाफ थंड कशाला करायची? परत बॉयलरमध्येच ढकला की.

निवृत्त_बॉयलरवाला

प्रत्येक नवीन ट्रेनी हाच प्रश्न विचारायचा. पाटाला पाणी वाहायला खालच्या बाजूला उतार लागतो ना? वाफेलाही लागतो. कंडेन्सरमध्ये वाफेचं पाणी झालं की तिथे जवळजवळ निर्वात होतं, म्हणून टर्बाईनमधली वाफ जोराने तिकडे धावते. थंड करणं बंद केलं तर उतार संपला, टर्बाईन थांबलं. उष्णतेचं काम असंच आहे, थोडी सोडून दिल्याशिवाय बाकीची कामाला लागत नाही.

हतनूर_वारी

काका, वाफेचं कौतुक झालं. राखेचं कोण बोलणार? आपल्याकडच्या कोळशात ३०-४० टक्के राखच असते म्हणतात. तुमच्याच हिशोबाने आठ हजार टन कोळसा, म्हणजे एका संचाची रोज अडीच-तीन हजार टन राख. आमच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे आजीच्या वेळी कोणत्या रंगाचे होते ते आम्हाला ठाऊक आहे.

निवृत्त_बॉयलरवाला

आकडा बरोबर आहे तुमचा. धुरातली बारीक राख विजेच्या पत्र्यांवर ओढून धरतात. पत्र्यांना उच्च दाबाची वीज दिली की राखेचे कण चिकटतात आणि मग ठोके देऊन खाली पाडतात. यंत्र ठीक असलं तर ९९ टक्क्यांच्या वर पकडते. सिमेंटला, विटांना ती राख जाते. पण उरलेला एखादा टक्का म्हणजे कमी नाही, आणि पत्रे बिघडले तर काय होतं ते मी नोकरीत पाहिलंय. यावर मी तुमच्याशी भांडणार नाही.

ब्राह्मणवेलचा_वारा

साक्रीवाल्यांची आठवण काढली म्हणून आलो. टर्बाईनवर चढायचं काम करतो.

मास्तरीणबाई, मुलांना एक गोष्ट सांगा, वर्ग शांत बसेल. पंखे लांबून बघितले तर वाटतं, काय आळशी फिरताहेत. मोठ्या पंख्याचं एक पातं ४० मीटरच्या पुढे असतं, मिनिटाला पंधरा-सोळा फेरे. पात्याच्या टोकाचा वेग काढायला सांगा. ताशी अडीचशे किलोमीटर येतो.

वरच्या डब्यात गिअरबॉक्स असतो, तो पंधरा फेऱ्यांचे हजार-पंधराशे करतो, तेव्हा जनरेटरला चालतं. वाऱ्याचा नियम भारी आहे, वेग दुप्पट झाला की वीज आठपट. म्हणून सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात आम्ही नुसते फिरताना दिसतो आणि १२ ला खरी कमाई. २५ च्या पुढे गेला की पाती आपणहून वळतात, वाऱ्याला धार दाखवतात आणि मशीन थांबतं. लोकांना वाटतं वादळात जास्त मिळत असेल!

सगळा वारा धरताही येत नाही. पूर्ण अडवला तर मागची हवा हलणार कशी? बेट्झ नावाच्या जर्मन माणसाने शंभर वर्षांपूर्वीच गणित मांडलं की वाऱ्यातल्या ताकदीपैकी ५९ टक्क्यांच्या वर कोणत्याही पंख्याला घेता येत नाही. काकांची वाफ आणि आमचा वारा, दोघांचं रडगाणं एकच.

आणि एक आतली गंमत. वारा फिरला की वरचा डबा त्याच्या दिशेला तोंड करतो. करताना आतल्या केबली पिळल्या जातात, ओल्या धोतरासारख्या. काही फेरे झाले की मशीन स्वतः थांबतं, उलटं फिरून पीळ सोडवतं आणि परत कामाला लागतं. गावातली पोरं विचारतात, "दादा, वारा एकीकडे अन् पंख्याचं तोंड भलतीकडे, खराब झाला का?" खराब नाही रे, पीळ सोडवतोय.

आमचा हंगाम जून ते ऑगस्ट. मे महिन्यात तुम्ही सगळे पंख्याखाली झोपता तेव्हा आमचे पंखे पुष्कळदा निवांत असतात.

नवापूरकर

काकांनी तापीचं नाव काढलं म्हणून लिहितो. मला या नदीची कमाल वाटते. वर हतनूरचं पाणी दीपनगरची वाफ थंड करतं. तीच तापी पुढे गुजरातेत शिरताना उकाईच्या धरणात थांबते. धरण १९७२ साली पूर्ण झालं, त्याच्या फुगवट्याचं पाणी आमच्या नंदुरबार जिल्ह्यापर्यंत येतं. तिथे ७५ मेगावॅटची चार यंत्रं पाण्याच्या जोरावर फिरतात. अजून खाली काकरापारला तिचंच पाणी अणुभट्टीचं केंद्र थंड ठेवतं. एका नदीला एवढ्या नोकऱ्या!

पाण्याच्या विजेचा हिशोब मुलांना सोपा पडेल. १०० मीटर उंचीवरून पाणी सोडलं तर एक युनिट मिळवायला चार हजार लिटर लागतं. म्हणजे छोटा टँकर. धरण निम्म्या उंचीचं असेल तर दोन टँकर. तेच युनिट काकांच्या दीपनगरला पाऊण किलोहून कमी कोळशात येतं. कोळशात किती ताकद कोंबलेली असते, आणि कोयनेला उंचीचं एवढं मोल का, ते यावरून समजतं.

काकरापारला कधी गेलात तर बाहेरून विशेष काही दिसत नाही. आत युरेनियम. निसर्गात सापडतं त्यात फुटणारं युरेनियम, म्हणजे २३५, जेमतेम ०.७ टक्के. न्यूट्रॉन आदळला की अणू फुटतो, उष्णता देतो आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन उडवतो. ते फार वेगात असतात, दुसऱ्या अणूला धड लागत नाहीत. म्हणून जड पाणी भरलेलं असतं, ते त्यांना हळू करतं. पुढे तेच, पाणी तापवा, वाफ करा, टर्बाईन फिरवा. तिथे २२० चे दोन जुने संच आहेत आणि ७०० चे दोन नवे, आपल्याच देशात आखलेले. नव्यांतला दुसरा २०२४ च्या मार्चअखेर व्यापारी उत्पादनात आला.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायचा. कोळसा टाकायचा थांबवला की भट्टी थंड होत जाते. अणुभट्टी बंद केली तरी फुटलेल्या अणूंचे तुकडे उष्णता देत राहतात, सुरुवातीला पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के. तेवढ्यासाठी पाणी चालू ठेवावंच लागतं. फुकुशिमाला २०११ मध्ये भट्ट्या बंद झाल्या होत्या, पंप चालले नाहीत, तिथे घात झाला.

सातपुड्यातला

मी धडगावकडचा. उकाई-कोयना झालं, सरदार सरोवर राहिलं. १४५० मेगावॅट, त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. आणि बुडितात आपल्या राज्यातली ३३ गावं, अक्राणी आणि अक्कलकुव्यातली. टँकरचा हिशोब ज्यांनी मांडला त्यांना एवढंच विचारतो, ३३ गावं भागिले किती युनिट?

मी स्वतः दहावीपर्यंत चिमणीवर अभ्यास केला. ही चिमणी रॉकेलची, काकांची नव्हे.

नवापूरकर

भाऊ, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या बाजूचीही गावं उकाईत गेली आहेत.

केळीबाग

सकाळपासून वाचतोय, आता शेतकऱ्याचं ऐका. आम्हाला पद्धतीशी देणंघेणं नाही, लाईन दिवसा पाहिजे. रात्री अकराला लाईन येणार म्हणून बॅटरी घेऊन केळीत शिरायचं. पाण्यात पाय, कधी पायाखाली साप, यावलकडे तर बिबट्या. माझ्या चुलतभावाकडे सोलरचा पंप आहे, त्याला दहा टक्के रक्कम भरावी लागली. तो दुपारी पाणी भरतो आणि रात्री झोपतो. फिटरदादा, त्याचा पंप लाईट नसतानाही चालतो, मग ताईंच्या पाट्या का नाही?

दुसरं, केळीचे खांब बांधावर कुजतात. जाळून वीज होईल का? की आपलं उगाच?

सोलर_फिटर_जळगाव

पंपाचं सोपं आहे. त्याचा ग्रिडशी संबंधच नाही. पाटी, कंट्रोलर, मोटर, विषय संपला. ढग आला की कंट्रोलर मोटरचा वेग कमी करतो, पाणी बारीक येतं, ढग गेला की परत जोरात. पाण्याला ते चालतं. घरातल्या फ्रीजला, टीव्हीला असं चालत नाही, त्यांना पक्के २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ लागतात.

निवृत्त_बॉयलरवाला

केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. जाळायला गेलात तर आग विझवाल. बायोगॅसला घाला नाहीतर धागा काढा. जाळायची तर पऱ्हाटी. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी दाबून तिच्या कांड्या करतात, त्या बॉयलरला चालतात. अडचण गोळा करण्याची आहे. एका गावची पऱ्हाटी म्हणजे आमच्या भट्टीचा चहा-बिस्कीट.

पुणेकर_मूळचा_चोपड्याचा

सगळं वाचून मला तर सरळ उत्तर दिसतंय. खान्देशात ऊन आहे, साक्रीला वारा आहे, तिथेच शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. मग दीपनगरला टाळं लावा की. राखेचा प्रश्नही मिटला.

निवृत्त_बॉयलरवाला

लावा. संध्याकाळी सातला मात्र मला फोन करू नका.

पुणेकर_मूळचा_चोपड्याचा

काका, रागावू नका. खरंच विचारतोय.

निवृत्त_बॉयलरवाला

रागावलो नाही बाळा, चहा घेऊन आलो.

बघ, वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. जेवढी ओढली जाते तेवढी त्याच क्षणी कुठेतरी तयार व्हावी लागते. तू पुण्यात गिझर लावलास तर काय होतं? सायकलचं पायडल आठव. देशभरातल्या सगळ्या जनरेटरांचं पायडल केसाएवढं जड होतं आणि ते सगळे मिळून केसाएवढे मंदावतात. २०१३ च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेचा ग्रिडही जोडला गेला, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ताल. कंट्रोल रूममध्ये त्या तालाचा, म्हणजे हर्ट्झचा, काटा सतत डोळ्यासमोर. ४९.९० ते ५०.०५ मध्ये राहायला पाहिजे. खाली घसरला की गव्हर्नर, म्हणजे टर्बाईनचा वेग सांभाळणारं यंत्र, वाफेची झडप उघडतो. फारच घसरला तर यंत्रं स्वतःला वाचवायला एकेक करून सुटी होतात आणि मग जे राहतात त्यांच्यावर आणखी भार येतो. २०१२ च्या ३० आणि ३१ जुलैला उत्तरेकडे तेच झालं. दुसऱ्या दिवशी साठ कोटींच्या वर लोक अंधारात.

आता मे महिन्यातली संध्याकाळ घे. सोलर दुपारनंतर उतरत जातं, सातला शून्य. नेमकं त्याच वेळी घराघरांत दिवे, कूलर, मिक्सर. ही दरी कोणीतरी भरायची. वारा मे महिन्यात भरवशाचा नाही, साक्रीचा भाऊच म्हणाला. अणुभट्टी एका संथ चालीने चालते. राहिलो आम्ही आणि पाणी.

आमची गंमत अशी की आम्हाला दुपारी बंद करून संध्याकाळी लावता येत नाही. थंड बॉयलर पेटवून संच लाईनवर आणायला कित्येक तास जातात, पत्रे-नळ्या एकदम तापल्या तर तडकतात. भार फार उतरवला तर भट्टीतली ज्योत डगमगते, मग तेल फवारून तिला धरून ठेवायचं. टर्बाईन थांबवलं तरी त्याचा दांडा सोडून देता येत नाही. गरम दांडा एका जागी थांबला तर वाकतो. म्हणून छोट्या मोटरवर त्याला अगदी सावकाश फिरवत ठेवतात, पूर्ण थंड होईपर्यंत. एकदा रात्रपाळीत ती मोटर बंद पडली आणि आम्ही आळीपाळीने हाताने दांडा फिरवला होता. खांदे चार दिवस दुखत होते.

नवापूरकर

पाण्याचं उलट. झडप उघडली की दोन-चार मिनिटांत यंत्र पूर्ण भारावर. ५ एप्रिल २०२० आठवतं का? रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. देशाची मागणी ३१ हजार मेगावॅटने कोसळली आणि लगेच परत चढली. तो झोका मुख्यतः पाण्याच्या केंद्रांनी पेलला. आम्ही गच्चीवर पणत्या लावत होतो तेव्हा कंट्रोल रूममधल्या लोकांचं काय झालं असेल!

म्हणून आता पाणी परत वर चढवायच्या योजनांवर जोर आहे. घाटघरला आहे तशी, १२५ ची दोन यंत्रं. वीज स्वस्त आणि जास्त असेल तेव्हा खालचं पाणी वरच्या तलावात पंपाने चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर-ऐंशी परत येतात. पूर्वी रात्री चढवायचे, आता दुपारचं सोलर त्या कामाला लावता येतं.

पुणेकर_मूळचा_चोपड्याचा

म्हणजे पुण्यातून टाळं लावता येत नाही. ठीक आहे. पण पंचवीस टक्के घालवून का होईना, साठवता येतं हे मी लक्षात ठेवतोय. बॅटऱ्याही स्वस्त होताहेत.

हतनूर_वारी

आणि राख आमच्याकडेच राहणार तोपर्यंत. नोंद असू द्या.

फैजपूरची

चार दिवस शाळेच्या पेपर तपासणीत गेले, आता सगळं वाचून काढलं. दोन बातम्या.

एक, रविवारी पहाटे मी आणि मोठा मुलगा छतावर गेलो, सहाही पाट्या धुतल्या. पुसलेल्या फडक्याचं पाणी चहासारखं निघालं. त्या दिवशी १४.२ युनिट. दुपारी एकला मुलाने घरातला ताप मोजायचा थर्मामीटर पाटीच्या पाठीला लावायचा हट्ट धरला. तो ४२ च्या पुढे मोजत नाही, बिचारा "एच" दाखवून गप्प बसला.

दोन, भंगारातून मामांच्या जुन्या सायकलचा डायनॅमो मिळवला. आठवीच्या वर्गात सायकल स्टँडवर उभी केली आणि पोरांना पायडल मारायला लावलं. दिव्याची वायर जोडली-काढली की पाय जड-हलके होतात ते प्रत्येकाने करून पाहिलं. एक पोरगी म्हणाली, "बाई, म्हणजे आम्ही घरी पंखा लावला की दीपनगरला कोणाला तरी जोर लावावा लागतो?" मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले थोडा वेळ.

सासूबाईंना संध्याकाळी सातला ॲपवरचं शून्य दाखवलं. त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. "मग हा आता कोणाच्या जिवावर फिरतोय?" म्हटलं, "बहुतेक भुसावळच्या काकांच्या."

आता मुलांना पंखे दाखवायचेत. ब्राह्मणवेलचे दादा, कधी यावं?

ब्राह्मणवेलचा_वारा

जुलैत या ताई, तेव्हा बघण्यासारखं असतं. बस साक्रीपर्यंत आणा, पुढचा रस्ता मी सांगतो. वर चढायला परवानगी नाही, पण बुंध्याशी उभं राहून आवाज ऐकता येईल. पाती एकामागे एक कापत जातात ना, तो हूंss हूंss. कागदी टोप्या, ओढण्या सांभाळा.

केळीबाग

येताना कळण्याची भाकरी आणि भरीत माझ्याकडून.

पांझराकाठ

मी बी येसू पंखा देखाले.

ब्राह्मणवेलचा_वारा

ये भो. छत्री मात्र घरीच ठेव. माझी मागच्या जुलैत उडाली ती अजून सापडलेली नाही.